वायटूके दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांचे शेअर: काम खरं होतं, मग पैसे कुठे गेले?

१९९८ च्या पावसाळ्यात मी अंधेरीच्या सीप्झमध्ये रात्रपाळी करत होतो. काम एकच होतं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे कोबॉल या जुन्या संगणक भाषेतले प्रोग्रॅम वाचायचे आणि जिथे तारीख सापडेल तिथे पिवळी खूण करायची. कारण जुने प्रोग्रॅम वर्षाचे शेवटचे दोनच अंक ठेवायचे आणि २००० साल उजाडताच ते चुकणार होते. याच घोळाचं नाव वायटूके. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला घडीचा कागद टेबलावरून जमिनीपर्यंत लोळत असायचा. सकाळी बाहेर पडलो की गेटसमोरच्या टपरीवर चहा. तिथे प्रोग्रॅमची चर्चा कधीच व्हायची नाही, चर्चा शेअरची. वायटूके करणाऱ्या कंपन्या घेऊन ठेव, २००० पर्यंत बघायला नको, असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत होता.

त्यामागचा तर्क बिनतोड वाटायचा. जगातल्या प्रत्येक बँकेला, विमा कंपनीला, सरकारी खात्याला हे काम करून घ्यावंच लागणार आहे. तारीख ठरलेली आहे, ती पुढे ढकलता येत नाही. काम करणारी माणसं कमी आहेत. मग ते करणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळणार नाही तर कुणाला मिळणार?

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तरीही त्या तर्कावर शेअर घेतलेल्या बहुतेकांचे पैसे बुडाले. हे कसं घडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण तोच तर्क दर काही वर्षांनी नवं नाव घेऊन बाजारात येतो.

आधी मूळ दुखणं काय होतं ते पाहू. १९६० च्या दशकात माहिती साठवायची ती पंचकार्डावर, आणि एका कार्डात मावायची फक्त ८० अक्षरं. मेमरी महाग, डिस्क महाग. एखाद्या विमा कंपनीच्या दहा लाख पॉलिसी धरा. प्रत्येकीत चार तारखा: जन्माची, पॉलिसी सुरू झाल्याची, संपण्याची आणि शेवटच्या हप्त्याची. दर तारखेतला '१९' गाळला तर दोन अक्षरं वाचतात, म्हणजे एकूण ८० लाख अक्षरं. त्या काळात ही बचत थोडी नव्हती. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांनी १९९८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे स्वतःच सांगितलं होतं की तरुणपणी आपणही असे प्रोग्रॅम लिहिले आणि जागा वाचवल्याचा अभिमान बाळगला. हे प्रोग्रॅम तीस-चाळीस वर्षं टिकतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता बिघाड कसा होतो ते बघा. माणूस जन्मला १९६५ मध्ये, संगणकात फक्त ६५. १९९९ साली वय काढायचं तर ९९ वजा ६५, बरोबर ३४. २००० साली ०० वजा ६५, म्हणजे उणे ६५. पण कोबॉलमध्ये वयाचा रकाना बहुधा चिन्हाशिवाय ठेवलेला असतो, कारण वय उणे कशाला असेल? त्यामुळे उणे चिन्ह गळून पडतं आणि रकान्यात उरतात ६५. पस्तिशीतला माणूस एका रात्रीत निवृत्तीच्या वयाचा होतो, प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, आणि चुकीचा हप्ता छापून पोस्टात जातो. अशा मुकाट चुकांचीच आम्हाला खरी धास्ती होती. बंद पडलेला प्रोग्रॅम निदान कळतो तरी. इंग्लंडमध्ये शेफील्डला गर्भवतींच्या तपासणीचा हिशेब करणारी यंत्रणा २००० मध्ये आईचं वय चुकीचं धरत राहिली. डाउन सिंड्रोमच्या शक्यतेचे १५० हून अधिक निकाल चुकले आणि ते कित्येक महिन्यांनी लक्षात आलं. म्हणून 'वायटूके हा सगळा बागुलबुवा होता' असं कुणी म्हटलं की मला अजूनही राग येतो. एक जानेवारीला फारसं काही झालं नाही, कारण आधीची चार-पाच वर्षं लाखो माणसं खपली होती.

दुरुस्तीच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली सरळ: दोन अंकांचे चार करायचे. पण एक रकाना रुंद केला की फाइलची मांडणी बदलते आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागतो. दुसरी वाट खिडकीची. प्रोग्रॅमला सांगायचं की ०० ते ३९ दिसलं तर २००० च्या पुढचं समज, ४० ते ९९ दिसलं तर १९०० मधलं. स्वस्त आणि झटपट. तिसरी वाट म्हणजे सगळ्या तारखा २८ वर्षं मागे न्यायच्या, हिशेब करायचा आणि बाहेर पडताना २८ मिळवायचे, कारण २८ वर्षांनी वार आणि तारीख पुन्हा जुळतात. भरीला लीप वर्षाचा घोळ होताच. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं एवढंच अनेकांना ठाऊक होतं, चारशेने भाग गेला तर ते लीप असतं हे नव्हतं. त्यामुळे काही प्रोग्रॅमना २९ फेब्रुवारी २००० हा दिवसच मान्य नव्हता.

आता बाजाराकडे. १९९३ मध्ये पीटर डी यागर या कॅनडातल्या सल्लागारानं 'कॉम्प्युटरवर्ल्ड'मध्ये लेख लिहून धोक्याची घंटा वाजवली. पुढे गार्टनर या संस्थेनं जगभरच्या दुरुस्तीचा खर्च ३०० ते ६०० अब्ज डॉलर होईल असा अंदाज दिला. या आकड्यानं गुंतवणूकदारांचे डोळे चमकले. १९९७ मध्ये तर अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर वायटूके कंपन्यांचा, डी यागर यांच्या नावाचा निर्देशांकच सुरू झाला. बोस्टनची कीन, न्यू जर्सीची कॉम्प्युटर होरायझन्स, वॉशिंग्टन राज्यातली डेटा डायमेन्शन्स, अॅरिझोनाची व्हायासॉफ्ट ही नावं तिथल्या गुंतवणूकदारांच्या तोंडी होती.

यात दोन जाती होत्या आणि त्या वेगळ्या ओळखणं महत्त्वाचं होतं. काही कंपन्या अवजार विकायच्या, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप तपासून दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर. बाकीच्या माणसं पुरवायच्या.

अवजारवाल्यांत सगळ्यात बोलकी गोष्ट झिटेलची. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटची ही कंपनी मुळात मेमरी आणि साठवणुकीची यंत्रं बनवायची. तिच्याकडे मॅट्रिडिम नावाच्या दुसऱ्या कंपनीचा हिस्सा होता आणि मॅट्रिडिमकडे कोबॉल आपोआप दुरुस्त करणारं तंत्र होतं. मॅट्रिडिमचे शेअर बाजारात मिळत नव्हते, म्हणून लोक झिटेलवर तुटून पडले. १९९६ मध्ये भाव कित्येक पटींनी चढला. लोक विकत काय घेत होते? एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीतला हिस्सा, आणि त्या दुसऱ्या कंपनीचं अजून सिद्ध व्हायचं असलेलं यंत्र. कामं अपेक्षेइतकी आली नाहीत, भाव कोसळला. झिटेलनं पुढे धंदा आणि नाव दोन्ही बदललं.

आपोआप दुरुस्ती का जमत नव्हती ते त्या पट्ट्यांच्या कागदावर रोज दिसायचं. अवजाराला 'डेट' किंवा 'वायवाय' असं नाव असलेला रकाना सापडायचा. पण १९७४ मध्ये कुणीतरी पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेला 'डब्ल्यूएस-टेम्प-३' असं नाव देऊन ठेवलेलं असायचं. तो रकाना पुढे चार प्रोग्रॅममध्ये चार वेगळ्या नावांनी फिरायचा. कधी सहा अंकांच्या आकड्याला १०० नं भागून महिना वेगळा काढलेला. कधी ९९ हे वर्ष नसायचंच, 'ही पॉलिसी कधीच संपत नाही' याची ती खूण असायची. ते माणसानंच वाचावं लागे. शिवाय दुरुस्तीपेक्षा तपासणी मोठी. कामाचा निम्मा वेळ चाचण्यांमध्ये जायचा आणि तिथे अवजाराचा उपयोग बेताचाच.

म्हणजे धंदा शेवटी माणसांवर आला. आणि माणसांवर चालणाऱ्या धंद्यात काम दुप्पट करायचं तर माणसं दुप्पट लागतात. त्या काळात अमेरिकेत निवृत्त कोबॉलवाल्यांना घरून बोलावून आणत होते आणि त्यांचा दर चढत होता. गिऱ्हाइकाकडून येणारा वाढीव पैसा असा पगारातच वाहून जायचा. रांग मोठी म्हणून नफा मोठा, असं काही आपोआप होत नाही.

तरी माझ्या मते खरी चूक याहून साधी होती आणि ती भाव लावण्यात होती.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस मूर्तींचे स्टॉल लागतात. गर्दी ओसंडत असते, घासाघीस करायलाही वेळ नसतो. समजा अशा स्टॉलचा दोन दिवसांचा गल्ला पाहून कुणी हिशेब केला की वर्षाचे ३६५ दिवस असाच गल्ला येणार, आणि त्या हिशेबानं जागेची पागडी मोजली, तर आपण त्याचा हात धरू. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मूर्ती घ्यायला कोण येणार? आणि गणपती निदान पुढच्या वर्षी परत येतात. २००० साल एकदाच येणार होतं.

शेअरबाजारात नेमकी अशीच पागडी मोजली गेली. एक काल्पनिक कंपनी घेऊ. शेअरमागे नफा १९९७ मध्ये १० रुपये, १९९८ मध्ये १८, १९९९ मध्ये १२ आणि त्यानंतर दरवर्षी २. बाजार १९९८ मध्ये काय बघतो? नफा १० वरून १८ वर गेला, ८० टक्के वाढ. इतक्या वेगानं वाढणाऱ्या कंपनीला नफ्याच्या ४० पट भाव सहज मिळतो. १८ गुणिले ४० म्हणजे ७२० रुपये. आता तीन वर्षांचा नफा फक्त बेरजेनं मांडा: १०, १८ आणि १२ मिळून ४०. पुढची पंधरा वर्षं दोन-दोन रुपये धरले तर आणखी ३०. एकूण ७०. नफ्यातला पै न् पै कंपनीनं तुमच्या हातात ठेवला तरी ७० रुपयांसाठी तुम्ही ७२० मोजलेत.

नफ्याला पटीनं गुणायचं ते कशासाठी? यंदाचा नफा पुढेही येत राहील, वाढेल, असं आपण गृहीत धरतो म्हणून. ते गृहीतक जिथे लागू नाही तिथे गुणाकार करायचाच नाही, बेरीज करायची. वायटूकेच्या कमाईची शेवटची तारीख तर सगळ्यांना तोंडपाठ होती. इतकी स्पष्ट अंतिम तारीख असलेला धंदा क्वचितच बघायला मिळतो, तरी भाव लागले कायमच्या धंद्याचे.

त्यातही कमाई ३१ डिसेंबरपर्यंत चालली नाही. मोठ्या कंपन्यांनी १९९९ च्या उत्तरार्धात प्रोग्रॅम गोठवले. आमच्या गिऱ्हाइकानंही सप्टेंबरनंतर एकही ओळ बदलायची नाही असं कळवलं. नवीन काम त्याच्या बरंच आधी थांबलं होतं. आणि बाजार त्याच्याही पुढे धावतो. या गटातल्या बऱ्याच अमेरिकी शेअरची घसरण १९९८-९९ मध्येच सुरू झाली, म्हणजे काम जोरात असतानाच. व्हायासॉफ्टला १९९९ मध्ये कॉम्प्युवेअर या कंपनीनं शेअरमागे ९ डॉलर देऊ केले. दोन वर्षांपूर्वी तो भाव याच्या कितीतरी पट होता. सरकारनं मक्तेदारीच्या मुद्द्यावर हरकत घेतली आणि तोही सौदा बारगळला.

याच्याशी जोडलेली एक बाजू कमी बोलली जाते. अनेकांनी जुने प्रोग्रॅम दुरुस्त न करता थेट नवी यंत्रणा घेतली, नवे सर्व्हर घेतले. २००१ किंवा २००२ मध्ये झाली असती ती खरेदी १९९९ मध्येच उरकली गेली. त्यामुळे नव्या शतकात यंत्रं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही काही काळ मागणीचा दुष्काळ सोसावा लागला.

मग यातून खरंच कुणी कमावलं का? कमावलं, आणि त्यात आपल्याकडच्या कंपन्या होत्या. पण त्या का टिकल्या हे बघायला हवं, नाही तर 'भारतीय आयटी म्हणजे फायदा' असा दुसराच चुकीचा धडा निघतो.

तो पट्ट्यांचा कागद सहा महिने वाचल्यावर आम्हाला त्या विमा कंपनीचा कारभार तिच्या स्वतःच्या माणसांपेक्षा जास्त कळायला लागला होता. कोणत्या राज्यात हप्त्याला कोणती सूट, दावा कुठे अडतो, रात्रीची कोणती फाइल उशिरा आली की सकाळची बिलं चुकतात, सगळं. मूळ लिहिणारे निवृत्त झाले होते. वायटूके संपल्यावर मार्च २००० मध्ये गिऱ्हाइकानं तेच प्रोग्रॅम वर्षानुवर्षं सांभाळायचं काम आम्हालाच दिलं. दुरुस्तीच्या निमित्तानं घरात शिरलेल्या सुताराला मग घरातलं सगळंच फर्निचर करायला सांगावं तसं. वायटूकेचा पैसा यापुढे किरकोळ होता. कमाई होती ती ओळखीत आणि त्या जाणकारीत.

ज्या कंपन्यांनी हे आधीच ओळखलं त्यांनी वायटूकेला हात आखडूनच जवळ केलं. इन्फोसिस, जिची सुरुवात १९८१ मध्ये पुण्यात झाली, आपल्या उत्पन्नातला वायटूकेचा वाटा वेगळा दाखवायची आणि तो डोक्यावर बसणार नाही असं पाहायची. टीसीएसनं चेन्नईत वायटूकेचा अक्षरशः कारखाना उभारला, आणि प्रोग्रॅम तपासणारी अवजारं पुण्यात हडपसरच्या टाटा संशोधन केंद्रातल्या मंडळींनी बनवली. मात्र त्या काळात या कामातली देशातली ही अग्रगण्य कंपनी तुम्हाला विकतच घेता येत नव्हती. टीसीएस बाजारात आली २००४ मध्ये. लाट बरोबर ओळखली तरी तिच्यातली उत्तम कंपनी दुकानात असेलच असं नाही, आणि नसली की माणूस शेजारचं काहीतरी उचलतो. झिटेलच्या बाबतीत तेच झालं होतं.

आपल्याकडे शेजारचं काहीतरी म्हणजे नावाच्या शेवटी 'इन्फोटेक' किंवा 'सॉफ्टवेअर' चिकटवलेल्या कंपन्या. काल कापड किंवा फायनान्स करणारी कंपनी आज वायटूके करू लागायची. अशाच एकीचे शंभर शेअर मी दिवाळीच्या बोनसमधून घेतले होते. माझं रोजचं काम तेच असूनही मी तिचा वार्षिक अहवाल उघडून पाहिला नाही. उघडला असता तर पगाराच्या खर्चाचा आकडा दिसला असता, आणि तेवढ्या पगारात कोबॉलची वीस माणसंसुद्धा पोसता येत नाहीत हे मला एका नजरेत कळलं असतं. ते कागदी सर्टिफिकेट अजून कपाटात आहे.

चांगली कंपनी घेऊनही भाव चुकला तर काय होतं, तेही २००० नं दाखवलं. सेन्सेक्स फेब्रुवारीत शिखरावर होता, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकेतला नॅसडॅक निर्देशांक १० मार्चला. त्यानंतर नॅसडॅक अडीच वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त घसरला. इन्फोसिस आणि विप्रोचा धंदा या काळात वाढतच होता, पण शिखरावर शेअर घेतलेल्यांना आपला भाव परत दिसायला कित्येक वर्षं थांबावं लागलं. उलट जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची गोष्ट. विप्रोचा जन्म तिथला, १९४५ चा, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. गावातल्या कित्येक घरांत तिचे शेअर दशकानुदशकं पडून होते. वायटूकेचं नावही ऐकलेलं नव्हतं तेव्हा घेतलेले आणि विकायची घाई नसलेले. बोनस शेअर आणि वाढत्या धंद्यानं त्या घरांना मोठं केलं.

हा तर्क पुन्हा कसा येतो याचं ताजं उदाहरण कोविडचं. हातमोज्यांची मागणी शंभर टक्के खरी होती. मलेशियाच्या टॉप ग्लव्हचा शेअर २०२० मध्ये आकाशाला भिडला, आणि दोन वर्षांत कोविडपूर्व भावाच्याही खाली आला. तिथेही एका वर्षाच्या नफ्याला कायमचा समजून गुणलं गेलं.

आता काही जण २०३८ बद्दल विचारतात. युनिक्स या संगणक प्रणालीच्या जुन्या पद्धतीत वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. ३२ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या ३२ खणांत, जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ सेकंद मावतात. ते भरतील १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये उडी मारेल. दुखणं खरं आहे, विशेषतः कारखान्यांतल्या आणि यंत्रांच्या पोटातल्या जुन्या चिपमध्ये. पण संगणक आणि फोन बहुतांशी ६४ बिटांवर गेले आहेत आणि उरलेलं नेहमीच्या बदलाबदलीत निघत आहे. फक्त यासाठी शेअर घ्यावा अशी वेगळी कंपनी मला तरी दिसत नाही. कुणी दाखवलीच, तर तिच्या उत्पन्नातला किती भाग या एकाच कामाचा आहे आणि २०३९ मध्ये गिऱ्हाईक तिला कशासाठी बोलावणार आहे, एवढं मी आधी विचारेन.

खिडकीची दुरुस्ती मात्र अजून जिवंत आहे. काहींनी ती २० वर ठेवली होती. म्हणून २०२० उजाडताच ठिकठिकाणी जुने प्रोग्रॅम पुन्हा १९२० मध्ये गेले. आमच्या त्या विमा कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये जन्मतारखा आम्ही चार अंकी केल्या, कारण शंभरीच्या माणसाला खिडकी पुरत नाही. पॉलिसीच्या बाकी तारखांना वेळेअभावी ४० ची खिडकी बसवली आणि वर शेऱ्यात तसं लिहूनही ठेवलं. ती फाइल २०३९ संपायच्या आत कुणाला तरी पुन्हा उघडावी लागणार आहे.